सुटलेलं शीट

बाबा नोट प्रेसमध्ये चेकिंगला होते, तेहतीस वर्षं.
जेल रोडच्या त्या लांब भिंतीच्या आत
न कापलेल्या नोटांची शीटं उलटायचे:
शाई पसरलेली, आकडा घसरलेला,
कडेला केसाएवढी सुरकुती.
अंगठ्याला आधी कळतं, म्हणायचे, डोळ्याला मागून.
सुटताना गेटवर झडती. डबासुद्धा उघडून दाखवायचा.
दिवसभर एवढा पैसा हाताळणारा माणूस,
आणि महिनाअखेरीला आई दूधवाल्याला म्हणायची, परवा.

मी गंगापूर रोडला, एम.एस्सी.ला.
सकाळची सिटीलिंक, द्वारकेचा न सुटणारा सिग्नल,
मांडीवर इम्युनॉलॉजीच्या नोट्स.
बाबांना तेवढ्यावरच हसू यायचं:
तुझ्या नोट्स, माझ्या नोटा.

चौदा जणांत एक पीसीआर मशीन.
शनिवारी लाईट जाणार असा मेसेज आला
की सगळं शुक्रवारी रात्रीच उरकायचं.
तरन्नुमचा हात स्थिर. जेलच्या खाचेत
ती निळा थेंब सोडते तेव्हा श्वास धरते,
मीही धरते, उगाच.
मग अंधार, यूव्हीचा दिवा,
आणि नारिंगी पट्ट्या उजळतात,
कुणाचा तरी मजकूर, लांबीप्रमाणे लावून ठेवलेला.
घरी सांगितलं तर बाबा म्हणाले,
"आमचंही तसंच गं. त्या दिव्याखाली
तंतू चमकले तर नोट खरी."

मी त्यांना पॉलिमरेझ सांगितलं:
एकेक अक्षर जोडत जातं,
चुकलं तर मागे येतं, खोडतं, पुन्हा जोडतं.
"तोच छापणार नि तोच तपासणार?"
त्यांना हे काही पटलं नाही.
"आमच्याकडे खाती वेगळी."

थायमस मात्र पटला.
छातीच्या हाडामागे छोटंसं खातं,
तिथे कोवळ्या टी पेशींसमोर
आपलंच अंग धरायचं तुकड्या-तुकड्याने: ओळख पाहू.
जिला काहीच ओळखू येत नाही ती जाते,
जी फारच घट्ट धरते तीही.
शंभरातल्या दोन-चार बाहेर पडतात.
"आणि बाकीच्या?"
"तिथेच जिरतात."
"हं. खराब शीट," म्हणाले,
आणि चहा गार होईपर्यंत गप्प.

गायधनी मॅडम फळ्यावर दोन रकाने आखतात:
स्व. परका.
मधली रेघ त्या पट्टीने ओढतात.
काही पेशी तरीही सुटतात, मॅडम म्हणतात,
चार मार्कांना हमखास येतं.

आईला सकाळी मूठ वळता येत नाही.
आधी गरम पाण्यात हात, मग पिठात.
भाकरी थापते ती तळव्याच्या कडेने.
कड फाटते. पीठ जुनं आहे, म्हणते.
रिपोर्ट मीच आणला. अँटी-सीसीपी, एलायझा.
एलायझा मी स्वतः केलीय:
शहाण्णव खळगे, हळूहळू चढत जाणारा पिवळा,
इतका सुरेख की तरन्नुमने फोटो काढलेला.

बाबांनी चष्मा लावून आकडा वाचला,
मग शेजारचा, असायला हवा तो आकडा,
मग पुन्हा पहिला.
अंगठा कागदाच्या कडेवरून फिरत होता.
"म्हणजे चेकिंगमध्ये सुटलं."
मी म्हटलं, इतकं सरळ नसतं,
जीन असतात, आणखी काय काय असतं,
अजून कुणालाच नीट...
"माझ्याकडून एकदाच सुटलं होतं. त्र्याण्णव साली.
पुढे कुठे गेलं, कळलंच नाही."
"चालल्या असतील का हो त्या नोटा?"
आईने आतून विचारलं.
"चालल्याच असणार. परत कुठे आल्या."

सोमवारी पेपर. प्रश्न तिसरा:
ऑटोइम्युनिटी, उदाहरणासह.
मी उदाहरण लिहिलं, सांध्यांचं,
आकृती काढली, रेघ पट्टीने ओढली.
तीन तास लिहून अंगठा दुखत होता,
सगळ्यांचाच दुखत असणार.
तरी पुरवणीला दोरा बांधण्याआधी
मी बाकाखाली मूठ वळून पाहिली.