साडेअठरा मिलिमीटर

कीलच्या गोदीत, तिसऱ्या मजल्यावर, उत्तरेच्या उजेडात
आम्ही नऊजणी ट्रेसिंगच्या कापडावर रेघा गिरवायचो.
आराखडा पुरुषांचा, शाई आमची.
चुकलं तर ब्लेडने खरवडायचं
आणि ती जागा नखाने घासून पुन्हा गुळगुळीत करायची,
काही घडलंच नाही अशी.

माझ्या वाट्याला फासळी क्रमांक बावीस ते एकतीस.
कवच : साडेअठरा मिलिमीटर पोलाद.
कापडावर ते म्हणजे दोन रेघांमधलं पांढरं.
इतकंच? मी विचारलं.
हेर डिर्क्स चष्मा न काढता म्हणाले,
"समुद्राला पुरेल, लोरेनत्सेन. रेघ पुरी करा."

माणसं शेवटी काढायची असतात.
आधी टॉर्पेडोच्या नळ्या, पुढे चार, मागे एक,
मग डिझेल इंजिनं, मग फळ्यांखाली बॅटऱ्या,
मग तेल, हवा, गोडं पाणी.
उरल्या फटींत चव्वेचाळीस जण.
मी बिछाने मोजले. पुन्हा मोजले.
"एक उठला की दुसरा झोपतो," डिर्क्स म्हणाले,
"गादी गार होत नाही."
संडास दोन. निघताना एकात बटाटे.

पहिल्या सफरीनंतर आल्विन टेशेन सुट्टीवर आला,
तिच्यावरचा स्वयंपाकी, माझ्या बहिणीचा दीर.
दाढी, आणि साबणानेही न जाणारा डिझेलचा वास.
सांगत होता, पावांवर बुरशीची पांढरी लव चढते,
आम्ही त्यांना ससे म्हणतो,
कान धरून ओढतो, आतलं खातो.
हसला.
"आणि तुझ्या रेघांना घाम फुटतो, गेस्के.
रात्रभर टपटपतात तोंडावर."

दुसऱ्या सुट्टीत तो कमी बोलला.
रात्री पावणेदोन. तेलवाहू जहाज.
चौऱ्याहत्तर सेकंद सगळे ओठांनी आकडे मोजत होते.
मग उजेड, म्हणाला, इतका
की पाण्यातल्या माणसांचे दात दिसले.
एकजण एकच शब्द ओरडत होता.
कुठली भाषा, कळलं नाही.
नाव असेल. किंवा दोर.
आम्ही बुडी मारली.

पाण्यावरची रेघ टिकत नाही म्हणतात.
ती चौऱ्याहत्तर सेकंद टिकली होती,
सरळ, पांढरी,
माझ्या हाताने काढल्यासारखी.

आल्विनची बदली दुसऱ्या बोटीवर झाली, ती परतली नाही.
माझी तगली.
अकरा सफरी, चार जहाजं, तीन कप्तान,
एकदा दोनशे तीस मीटरवर कवच कण्हलं
पण फासळी क्रमांक बावीस ते एकतीस, एकही वाकली नाही.
हे मला डिर्क्सनी सांगितलं, शाबासकी म्हणून.
मी शाईची बाटली झाकली.

मे महिन्यात ती काळं निशाण लावून वर आली.
डिसेंबरात इंग्रजांनी आयर्लंडच्या उत्तरेला ओढत नेली, बुडवायला.
ठरल्या जागेआधीच दोरखंड तुटला.
तोफेचा गोळा लागायच्या आत
ती आपणहून गेली, म्हणे,
आत कुणी नसताना, पहिल्यांदाच.

आता मी डेअरीच्या टाक्या गिरवते.
तीन मिलिमीटर पत्रा पुरतो.
नवा साहेब तरुण आहे, हसतो माझ्यावर,
कारण दर आराखड्याआधी मी विचारून घेते :
यात कुणी झोपणार नाही ना?