दिवाळीत येतेय म्हणे

दिवाळीत येतेय म्हणे. नाही, मार्चमध्ये.
नंदनच्या मेव्हण्याने चाकणच्या रस्त्यावर पाहिली,
अंगभर काळे-पांढरे ठिपके चिकटवलेली,
दार मागे आडवं उघडणारं, स्टेपनी पाठीवर.
"लॅडर फ्रेमच आहे," नंदन छातीवर हात ठेवून सांगतो,
जणू स्वतः स्थळ बघून आलाय.

हर्णैत, बर्फाच्या कारखान्यामागे, सलाउद्दीन मुकादमची वेल्डिंगची शेड.
उलट्या क्रेटवर नंदन, फाटक्या सीटवर मी,
ठिणग्यांकडे पाठ करून डॉक्टर मृणाल खोत,
हातांना अजून डेटॉलचा आणि म्हशीचा वास.

विषय महिनाभर एकच:
गिअरशेजारी दुसरा दांडा असेल, की नुसतं फिरवायचं बटण?
मी दांड्याच्या बाजूचा.
दांडा ओढला की तळहाताला कळतं
खाली दातात दात बसले.
बटण फिरवलं की काचेवर एक चित्र उजळतं,
आणि आडे गावचा चिखल चित्रं बघत नाही.

नंदनला छतात काच हवी.
"कशाला रे?"
"तारे."
यावर कुणाला काही सुचेना.

डॉक्टर म्हणते, मला पाइपने धुता येईल अशी फरशी द्या.
सड्यावर गाय अडते तेव्हा रात्रीचे दोन वाजलेले असतात.
लो रेशो, दोन पिवळे दिवे,
मागे वासरू आडवं मावेल एवढी जागा.
बाकी तुमचं तुम्ही सजवा.

सलाउद्दीन मास्क खाली घेतो, मास्क वर करतो.
संध्याकाळभरात एकच वाक्य:
"गंज कितव्या वर्षी चढंल, ता इचारा कंपनीला."
खाडीकडून वारा आला. पत्रा थोडा वाजला.

माझ्या जीपचं सगळ्यांना ठाऊक आहे.
तीन वर्षांचा बोनस तिच्या पोटात गेला.
चार इंच उचलली, टायर बाहेर काढले,
पुढे लोखंडी बंपर, बंपरात विंच,
काचेच्या कडेने वर गेलेलं स्नॉर्कल, डोक्यावर रॅक.
दापोलीला पासिंगला नेली.
साहेबांनी भोवती एक फेरी मारली, पेनाचं टोपण दातात धरलं,
"कागदावरची गाडी कुठाय?"

एका दुपारीत सल्लूने तिला कागदावर आणली.
मी बाहेर उभा राहून
सुटलेले नट डब्यात पडताना मोजले.
एकेचाळीस.

इथे लोखंड वाया जात नाही.
रॅकवर शेवंता चोगले बांगडे सुकवते.
बंपरवर दोडका चढलाय, दोन लागलेतही.
स्नॉर्कल नंदनच्या टाकीचं जादा पाणी केळीला नेतं.
विंच पाजपंढरीला, वाळूच्या वर,
सिमेंटच्या खांबाला बोल्ट केलेला.
होडी वर घ्यायला आधी अकरा जण लागत,
"होऽ" म्हणणारा बारावा.
आता शेवंताचा दीर एकटाच येतो,
एका हातात विडी, दुसऱ्याचा अंगठा बटणावर,
तार ताणते, आणि होडी
हट्टी म्हशीसारखी, पण येते.
बटणाबद्दल मी तिथे काही बोलत नाही.

सतरा लाखांच्या आत आली, तर.
बँकेतल्या पालेकरांशी मी सहज बोललोय. सहजच.
बायकोला अजून नाही.

काल शेड बंद करायच्या वेळी सल्लूने खडू उचलला,
नंदनच्या मोबाइलमधला तो ठिपक्यांचा फोटो दोनदा मोठा करून पाहिला
आणि फरशीवर खऱ्या मापाने रेघ ओढली:
नाक, चाकाची कमान, चाक, पाठ.
"विंचला हितं जागा हाय," म्हणाला. "फ्रेम कापायला लागत नाय."
मी बसून वितीने मोजलं. खरंच होती.
डॉक्टरने खडू मागून घेतला,
मागच्या भागात चार पाय आणि एक शेपूट काढलं,
कान विसरली, मग तेही काढले.

बराच वेळ आम्ही तिच्याकडे बघत उभे.
मग सल्लू दिव्याच्या खटक्यापाशी जाऊन म्हणाला,
"नंदन, पाय काढ.
टायरवर उभा हायस."