भिजत घोंगडं

पहिल्या दिवशी मी भाव केला.

नारीनच्या वरच्या अंगाला,
रस्ता दमून जिथं मेंढ्यांची वाट होतो,
तिथं बुरुलचा-एजेनं भिंतीवरचा शिरडाक काढला,
माझ्यासमोर अंथरला
आणि बोटांनी किंमत सांगितली.
मी माझी बोटं दाखवली. निम्मी.

ती काही बोलली नाही.
वाटीत चहा ओतला, तोही निम्माच.
म्हटलं, चला, फिट्टंफाट.

परतीची गाडी शुक्रवारी होती.
मधे चार दिवस, एक दुखरा गुडघा
आणि खिडकीत बर्फाचा डोंगर,
ज्याचे मी पहिल्याच सकाळी
चाळीस फोटो काढून टाकले होते.

मग लोकर आली.
सहा घरांच्या बाया आल्या, काठ्या घेऊन.
चामड्यावर पसरलेल्या लोकरीला बडवत राहिल्या,
धूळ, काटे, वाळक्या लेंड्या उडत राहिल्या.
मी कॅमेरा वर केला
तेव्हा एकीनं माझ्या दुसऱ्या हातात काठी दिली.
दोन्ही एकदम धरता येत नाहीत,
हे मला तोवर माहीत नव्हतं.

गवताच्या चटईवर लोकरीचे थर.
वर उकळतं पाणी.
गुंडाळी करून दोरानं आवळलं
आणि लाथा.
खरोखरीच्या लाथा, रांगेत उभं राहून,
खांद्याला खांदा लावून, अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत,
पुन्हा मागं, पुन्हा पाणी.
ओल्या मेंढीचा वास माझ्या केसांत शिरला
आणि गुडघ्यानं तक्रार करायची सोडून दिली,
कुणी ऐकतच नव्हतं म्हणून असेल.

विसाव्याला मी पाव उपडा ठेवला.
नुरजामालनं, एजेच्या नातीनं,
न बघितल्यासारखं करून तो सुलटा केला.
चौदा वर्षांची पोर. तिच्या शाळेतल्या इंग्रजीवर
आमचं सगळं चाललं होतं.
तिनंच सांगितलं, हसू दाबत:
काठोकाठ भरलेली वाटी म्हणजे पाहुण्या, ऊठ आता.
अर्धी म्हणजे, बस.
मी पुन्हा ओतणार आहे.

मला वाटलं, आपणही काहीतरी द्यावं.
म्हणून सांगितलं, माझ्या भाषेत याला एक म्हण आहे:
भिजत घोंगडं.
कोर्टात पडून राहिलेली जमीन.
सख्ख्या भावाशी न बोललेलं एक वाक्य.
'बघू पुढं' म्हणत ठेवलेलं सगळं.
नुरजामालनं तिच्या परीनं पोचवलं.
एजे हसली नाही. विचारात पडली.
मग विचारलं:
भिजवलं, आणि सोडून दिलं?
पाय नव्हते का तुम्हाला?

त्या रात्री तळवे जळत होते.
भावाचा नंबर अजून पाठ आहे, हे अंधारात कळलं.
डोंगरात रेंज नव्हती.
हे कारण चारच दिवस पुरणार होतं.

गुरुवारी तिनं कापणी दाखवली.
आधीचं, वाळलेलं नमदं. लाल खाली, राखाडी वर,
दोन्हींतून एकच सुरी.
मेंढ्याची शिंगं उमटली.
लाल शिंगं राखाडीत बसवायची,
राखाडी लालमध्ये.
एवढंसंही वाया नाही.
म्हणजे शिरडाक कधी एकटा नसतो,
त्याच्या पोटातून निघालेला दुसरा
कुठल्या तरी घरात असतोच.

भिंतीवरचा तो मी पुन्हा मागितला.
एजेनं तीच बोटं दाखवली, पहिल्या दिवसाची,
एक सोम जास्त नाही.
नोटा मोजताना माझी मान वर होईना.
तिनं मात्र मोजल्याच नाहीत,
वाटीखाली सरकवल्या आणि चहा ओतला.
गाडी दारात हॉर्न वाजवत होती.
वाटी अर्धीच.

याचा जोडीदार नुरजामालच्या लग्नासाठी
पेटीत आहे.
माझ्या हॉलमध्ये जिथं राखाडी आहे, तिथं तिच्याकडं लाल.
पाहुणे येतात, बाहेर चपला काढतात,
बोटानं कड चाचपून विचारतात, कितीला पडलं?
मी आत जाते.
कप अर्धे भरते.
मागाहून कुजबूज ऐकू येते,
फिरून आली आणि कंजूष झाली.

काल भाऊ आला होता.
पाच वेळा ओतला.