कारण निवडा

सयाजीगंजात, फोनची कव्हरं विकणाऱ्या दुकानाच्या डोक्यावर
आमचं सर्व्हिस सेंटर.
टोकन एकोणतीस: मोहिते, सर्जेराव.
घड्याळ रुमालात बांधून आणलेलं,
जशी कुणी कवळी आणतं दुरुस्तीला.

काच तडकलेली.
काचेखाली पाण्याचा एक थेंब,
घड्याळ कलतं केलं की तिकडे सरकणारा,
गवंड्याच्या पाणसळीत असतो तसा.

प्लॅन घेतलाय का?
घेतलाय. अठराशे रुपये.
पोरानं घ्यायला लावला, कॅनडात बसून.
बिल, प्लॅनचा कागद, खोकं,
खोक्यातली ती कुणीच न वाचलेली पुस्तिका,
सगळं एका पिशवीत, घडी न मोडता.
इतकं नीट ठेवणाऱ्यांचा क्लेम सहसा नामंजूर होतो.
का, ते मला अजून कळलेलं नाही.

स्क्रीन म्हणते, कारण निवडा.
हातातून पडले. पाय घसरला. वाहनाचा अपघात.
पेय सांडले. लहान मुलाने फेकले.
इतर.
'इतर'ला हात लावायचा नाही, केतकीबेन,
मौलिकभाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं,
'इतर' म्हणजे 'नाही'.

काका, कसं झालं हे?
उडी मारली.
लालबागच्या स्विमिंग पूलमध्ये, सकाळच्या बॅचला.
खोल बाजूला तळाशी एक पोरगं दिसलं. हलेना.
पँट, चष्मा, घड्याळ, सगळ्यासकट गेलो आत.
शिडीवर मनगट आपटलं.
मग?
मग काय. बुडत नव्हतंच ते.
श्वास किती वेळ धरता येतो ते बघत होतं.
वर काढलं तर माझ्यावरच डाफरलं,
सर, एकोणसाठ झाले होते!

मी हसले. ते नाही हसले.

मी आवाज उतरवला, मराठीत आले,
मौलिकभाईंना कळू नये म्हणून
(ते बडोद्यातच जन्मलेत, त्यांना सगळं कळतं).
काका, पाय घसरला असं लिहू या.
घसरणं अपघातात बसतं, अपघात प्लॅनमध्ये बसतो.
उडी बसत नाही.
उडी म्हणजे तुम्ही जाणूनबुजून.

पाय घसरला?
एकेचाळीस वर्षं त्या काठावर उभा आहे मी.
अर्धं गाव पाण्यात ढकललंय या हातांनी.
आणि तू कागदावर लिहून ठेवणार,
मोहिते मास्तरांचा पाय घसरला?

त्या अर्ध्या गावात मी नाही.
मला पोहता येत नाही.

त्यांच्या फोनमध्ये घड्याळाची शेवटची नोंद होती.
सात अठरा: ठोके एकसष्ट.
सात एकोणीस: एकशे बेचाळीस.
पुढे रेषाच नाही.
हे जोडायला फॉर्ममध्ये जागा नाही, मी दोनदा शोधली.

'इतर' दाबलं.
शंभर अक्षरांच्या चौकटीत लिहिलं:
ग्राहकाने उडी मारली. पाय घसरला नव्हता.
उत्तर अकरा सेकंदांत आलं. मौलिकभाईंनी सांगितलेलंच.
दुरुस्ती नऊ हजार चारशे, नवीन अकरा हजारांत मिळतं,
हेही मीच सांगायचं असतं.

त्यांनी नकाराचा प्रिंट मागितला.
उभ्या उभ्या वाचला, चष्मा कपाळावर ढकलून,
नुसतं म्हणाले, बरोबर लिहिलंयस,
आणि पिशवीत ठेवला, बिलाच्या मागे.
मनगटावर उन्हानं वगळलेला गोरा चौकोन होता.
त्यावर ते बंद घड्याळ बसवून पट्टा ओढला,
नेहमीच्या भोकाच्या एक भोक पुढे.
जिन्यावरून म्हणाले,
सहाची बॅच बायकांची असते. कंबरभरच पाणी.

टोकन तीस.
तरुण बाई, कडेवर मूल, हातात तडकलेलं घड्याळ.
मी अजून तोंडही उघडलं नव्हतं.
हातातून पडलं, बेन, ती म्हणाली,
हातातून.