मोजणी

ओढ्याच्या एक स्टेशन अलीकडे
तीन दिवस मी माणसं मोजली.
सकाळची सहा चाळीसची पॅसेंजर, संध्याकाळची परतीची.
रकाने तीन: चढले, उतरले, उत्पन्न.
भुसावळच्या ऑफिसला ठरवायचंय,
गाडी इथं थांबवावी का.

सोमवारी एकोणीस.
मंगळवारी बावीस, त्यात एक तान्हं, त्याला तिकीट नाही.
बुधवारी अकराच,
दसकला घाटावर कुणाचं तरी दहावं होतं.

शेवंता पगारे, नाशिकरोडच्या दवाखान्यात आया,
दहाची चुरगळलेली नोट खिडकीतून सरकवते.
नोट बहुधा तिथल्याच प्रेसमधली,
मुलूख फिरून माहेरी निघालेली.
तिकिटाच्या तळाशी बारीक अक्षरं असतात:
तुमच्या प्रवासाचा पुरता खर्च यातून निघत नाही.
मी वाचून दाखवली.
"मग उरलेला कोण भरतं?"

पॅसेंजर लूपवर उभी होती.
मेन लाइनवरून एकलहऱ्याचा कोळसा गेला,
अठ्ठावन्न वाघिणी. सवयीनं मोजल्या.
"हा भरतो," मी म्हटलं.
"याचं भाडं चढं, म्हणून तुमचं उतरतं."
"आणि कोळशाचे पैसे?"
"वीज कंपनी."
"आणि तिचे?"

मी रजिस्टर मिटलं.
तिच्या घरी दोन बल्ब, एक पंखा.
गेल्या महिन्याचं बिल तिला तोंडपाठ होतं,
पैशांसकट.

साहेब, आकडे खोटे नाहीत.
उभी गाडी पुन्हा हलवायला जेवढी वीज लागते
तेवढीही बावीस तिकिटांत येत नाही.
निफाडच्या थंडीत रात्री एक माणूस
बॅटरी आणि हातोडा घेऊन रूळ वाजवत चालतो,
त्याला पगार लागतो, बूट लागतात,
आशीर्वादावर फिशप्लेट घट्ट बसत नाही.
भाडं दोन रुपयांनी वाढवा, माझी हरकत नाही.
पण गाडी चुकली की रिक्षावाला पन्नास घेतो
आणि शेवंताबाईंची अर्धी हजेरी कापली जाते,
हे कुठल्या रकान्यात भरू?

रकाना नव्हता.
म्हणून शेऱ्यात लिहिलं, तिथं मावलं नाही,
समासात उतरलं:
"स्टेशन तोट्यात आहे. थांबा चालू ठेवावा."

दोन वाक्यांच्या मधे आधी 'तरीही' लिहिलं होतं.
खोडलं.
'म्हणूनच' लिहिलं, तेही खोडलं.
आता तिथं शाईचा डाग आहे.
क्षमस्व.