नमुना सात

फर्वानियात बाहेर सत्तेचाळीस,
इनक्युबेटरात सदतीस.
रात्रपाळीला मी पेशींना साखर पाजते.
साखर दार ठोठावते;
पण नुसत्या ठोठावण्यानं
इन्सुलिन पुरतं बाहेर पडत नाही.
आत साठलेला चरबीचा थेंबही
मोडावा लागतो,
थोडा थोडा, चिल्लर करून.

ज्यांच्यातली कात्री मी काढून घेतली
(चरबी कापणारं एन्झाइम, एवढंच)
त्या लाल रंगात टपोऱ्या दिसतात.
भरलेल्या. मुक्या.

फाटकाशी टँकर लावून
मुबारकचाचा पोटात सुई टोचतो.
दाभोळच्या बँकेत बावीस वर्षांची एफडी,
मोडवत नाही म्हणतो.
चहा बिनसाखरेचा घेतो,
मग खजूर उचलतो. एकच.

वर येऊन मी लिहिते:
नमुना सात. साठा भरपूर,
स्राव कमी.