चाळणीत उरलेलं

गावाचं नावच चिखली.
तरी चिखलाला काही विचारायला
इथे सहसा कोणी येत नाही.

सुकती लागली की इनास होडी सोडतो.
मी गुडघ्यांत ग्रॅब धरून बसते,
दोरीला बांधलेले दोन लोखंडी जबडे,
तळाला टेकले की मिटतात.
"बाय, ह्याला भूक तरी किती!" तो म्हणतो दरवेळी
आणि दरवेळी मी हसते.

पाण्याची बाटली आधीच भरून घेतली आहे.
पण पाण्याचं काय, ते आत्ता इथलं,
संध्याकाळी समुद्राचं.
सहा तासांत साक्ष फिरवतं.
मासेही शहाणे, वास आला की शेपटी वळवतात.
तळाशी उरतात ते,
ज्यांना जायला पाय नाहीत:
नळीत अंग चोरून बसलेला किडा,
बोटभर खोल पुरलेली तिसरी,
वाळूच्या कणाशी गल्लत व्हावी असा शंख.
वर जे जे झालं
ते यांच्या अंगावर येऊन बसलं.
बार्जमधून सांडलेली तांबडी धूळ,
गोदीतल्या रंगाचे पोपडे,
कुणीतरी रात्रीचं सोडून दिलेलं गटार.

अर्ध्या मिलिमीटरची चाळणी.
बादल्या ओतत राहायचं
गाळ निघून जाईस्तोवर.
उरेल त्यावर फॉर्मेलिन, मग गुलाबी रंगाचे चार थेंब.
पकडताना जे जिवंत होतं
तेवढंच रंग पितं.
जिवंत होतास का, हे विचारायची
आमची ही रीत.
माझं अजून तिच्याशी जमलेलं नाही.

पहिल्या ठिकाणी एकतीस जाती.
दुसऱ्या ठिकाणी एकोणीस.
चौथ्या ठिकाणी, गोदीच्या कडेला,
गाळ वर आला तोच काळा,
कुजक्या अंड्यांच्या वासाचा,
आणि सूक्ष्मदर्शकाखाली ही गर्दी!
केसासारखे बारीक किडे,
एकाच जातीचे, आठशे बारा.
नव्या आलेल्या शौनकनं टाळीच वाजवली.
"मॅडम, केवढे आहेत!"
त्याला सांगावं लागलं
की माणसं गेलेल्या घरात
वाळवीची भरभराट असते.

पिएदादला हे ठाऊकच होतं.
चाळीस वर्षं ती टाचेनं तिसऱ्या शोधते,
झग्याचा घोळ कमरेला खोचून, मांडीभर पाण्यात.
"हांगा आतां पांय बुडना गो," म्हणाली होती मार्चमध्ये.
वर लोणी, खाली लादी.
माझ्या तक्त्यात खोली आहे, क्षारता आहे,
कणांचा आकार, सेंद्रिय कार्बन.
टाचेला रकाना नाही.
समासात पेन्सिलीनं लिहिलं: टाच, मार्च.
सरांनी खोडलं. बरोबरच असेल.

आज चौथ्या ठिकाणचा शेवटचा नमुना.
रात्रीचे साडेआठ. एसीचं पाणी बादलीत ठिबकतंय.
चिमट्यानं किडे बाजूला सारताना
मोहरीएवढी एक शिंपली.
रिकामी असणार, असतातच.
दिवा जवळ ओढला.
काचेसारख्या पातळ कडेतून
आत गुलाबी.

एका तिसरीनं काही सिद्ध होत नाही.
मला आकडे शिकवणाऱ्या प्रत्येकानं हे सांगितलंय.
भरतीबरोबर वाहत आली असेल, टेकली असेल,
पंधरा दिवसांत गेलीही असती.
शिवाय ती आता नाहीच.
मी तिला विचारून झालंय.

रकान्यात १ लिहिला.
पुसट वाटला म्हणून पुन्हा गिरवला.

उद्याची सुकती सहा चाळीसची.
पिएदाद धक्क्यावर असणार, टोपली उलटी घालून बसलेली,
विचारणार, काय लिहिलंस गो आमच्या चिखलाचं?
अहवालात पाचच शब्द आहेत:
उत्तम, बरा, मध्यम, वाईट, फार वाईट.
त्यातला एक तिच्यापुढे ठेवायचा
आणि ती तो
टाचेनं दाबून बघणार.